अलकाचा फॉर्म

आमच्या घरात मला एखाद्या कामाला पाठवायचं म्हणजे आई आधी दुसरं कुणी मोकळं आहे का ते बघायची. विहिरीवर पाण्याला गेलेली मी भरलेली कळशी तिथंच ठेवून सुगरणीच्या खोप्याखाली मान वर करून उभी सापडायचे. दूध बघायला बसवलं, तर मी दुधाकडेच बघत असायचे आणि ते माझ्या डोळ्यांदेखत उतू जायचं. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन हिंडणारे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निमोण्याच्या शिवारात विहीर पाडली आणि आम्ही एका जागी राहायला लागलो. तरी दहा-पंधरा मेंढ्या त्यांनी ठेवल्याच होत्या आणि पहाटे त्यांच्या आवाजानंच घर जागं व्हायचं. आई चिडून म्हणायची, "हिच्या कानात बोळं घातलेत का काय?" आप्पा भाकरी मोडत शांतपणे म्हणायचे, "तिला ऐकू येत न्हाई आसं न्हाई. तिला समदंच ऐकू येतं. योकच ऐकायचं म्हटलं की पंचाईत हुती."

आईनंच पुढे त्यावर एक उपाय शोधला, तोही नकळत. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायची असली की ती मला पिठाचा गोळा देऊन पाटासमोर बसवायची. हातानं पीठ वळत असलं की माझं डोकं जागेवर राहायचं. मग मी पुस्तक चुलीच्या कडेला उघडं ठेवून वाचायचे. पुस्तकावर लसणाचे आणि तेलाचे डाग पडायचे, पण वाचलेलं लक्षात राहायचं. बारावीपर्यंतचं रसायनशास्त्र मी असं शेंगोळी वळता वळता पाठ केलं. वर्गात हातात पीठ नसायचं. तिथं मास्तर मला उभं करून विचारायचे, "आत्ता मी काय म्हणालो?" आणि मला खिडकीबाहेर कोण कुठल्या सायकलीवरून गेलं ते सांगता आलं असतं, पण मास्तर काय म्हणाले ते नाही.

शिरूरला कॉलेजात गेल्यावर मी खोली घेऊन राहिले. पिठाच्या गिरणीच्या वरची खोली, भिंतीसुद्धा हाताला पांढऱ्या लागायच्या. माझ्याबरोबर अलका. ती पाबळच्या अलीकडच्या एका वाडीतली, मोठ्या बागायतदाराची मुलगी. तिचे वडील सोसायटीचे पदाधिकारी होते, गावात शब्दाला मान असलेला माणूस. सगळे त्यांना आबा म्हणायचे. अलकाचं गणित पक्कं होतं. तिच्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्या अशा असायच्या की वरची घडी काढली तरी खालच्या हलायच्या नाहीत. माझ्या ट्रंकेचं झाकण मी अंगाचा भार टाकून बंद करायचे.

त्या काळातल्या माझ्या मनाबद्दल मला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मला अभ्यास करायचा नव्हता असं नाही. फार करायचा होता. घरातली शिकणारी मी पहिलीच, आणि ते मी एक क्षणही विसरत नव्हते. पण पुस्तक समोर उघडं असायचं, वेळ असायचा, मनात ठरलेलं असायचं आणि सुरुवातच व्हायची नाही. नदीत उतरायचं म्हणून काठावर उभं राहावं आणि पाय उचलूच नये, तसं. पाण्याची भीतीही नाही आणि काठाचं प्रेमही नाही. मग चार तास स्वतःला शिव्या देण्यात जायचे, आणि शिव्या देऊन मी इतकी दमायचे की अभ्यास केलेल्या मुलीसारखी झोप यायची. कधीतरी उलटंही व्हायचं. एखादी गोष्ट मला धरायची आणि मी सकाळपासून जेवण विसरून त्यातच असायचे. त्यामुळे लोकांना वाटायचं, मनात आणलं तर ही करते, म्हणजे एरवी मनातच आणत नाही. मलाही तेच वाटायचं. मी त्याला आळस म्हणायचे, कारण सगळे म्हणायचे.

अलकानं कधी म्हटलं नाही. पहिल्याच सहामाहीत तिनं माझं काठावर उभं राहणं बघितलं आणि आपली चटई उचलून माझ्या चटईला लावली. "तू काय करू नको. माझ्याशेजारी बस नुसती," ती म्हणाली. ती तिची गणितं करायची, मी माझं पुस्तक धरायचे, खाली गिरणीचा पट्टा धपधप वाजत असायचा आणि कसं कोण जाणे, मी सुरू व्हायचे. ती उठून पाणी प्यायला गेली तरी माझं मन तिच्यामागे उठायचं. ती म्हणायची, "आले गं, आले." सकाळी निघताना ती माझी जर्नल, पेन, ओळखपत्र एकेक हातात द्यायची. दोन वर्षं मी अशी पास झाले. त्यात माझं किती आणि तिचं किती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तिसऱ्या वर्षी, शेवटच्या परीक्षेचे फॉर्म भरायच्या आठवड्यात, अलकाच्या आईला टायफॉइड झाला. घरात दुसरी बाई नव्हती. अलकानं फॉर्म लिहिला, फोटो चिकटवला, सह्या आणल्या, सगळं पुरं केलं आणि एसटीला निघण्याआधी तो माझ्या हातात दिला. "शाले, फक्त खिडकीत द्यायचाय. ऑफिसातल्या सातपुते कारकुनांच्या हातात. सोमवारपर्यंत." माझं नाव शालन. मी म्हटलं, "आजच देते." ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या फॉर्मबरोबर दे, म्हंजी विसरायची न्हाईस." माझाही द्यायचा राहिला होता.

आज देऊ, उद्या देऊ करत सोमवार आला. दोन्ही फॉर्म जर्नलमध्ये घालून मी अकराला कॉलेजात पोहोचले. खिडकीसमोर रांग होती. मी माझा फॉर्म वर काढला, हातात धरला. रांग हलेना म्हणून म्हटलं, दोन मिनिटं लॅबमध्ये डोकावून येऊ. त्या दिवसांत मी एका चंचुपात्रात मोरचुदाचा खडा वाढवत होते. दोऱ्याला टांगलेला निळा खडा, रोज थोडा मोठा होणारा. त्या दिवशी त्याच्या एका कडेला नवी धार आली होती. ती धार मी किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही. शिपाई खिडकी बंद करायच्या आधी हाक मारत फिरला, ती हाक मात्र ऐकू आली. मी धावत गेले आणि हातातला फॉर्म दिला. माझा. सातपुत्यांनी शिक्का मारला आणि खिडकी लावली. मी जिना उतरले तेव्हा काम झाल्याचा असा हलकेपणा वाटत होता की दोन्ही दिलेत याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याच दिवशी मी अलकाला पोस्टकार्ड टाकलं. फॉर्म दिला, आईंना जप.

गुरुवारी जर्नलमधून तिचा फॉर्म खाली पडला.

उशिरा भरणाऱ्यांसाठी शनिवारपर्यंत मुदत होती. मी तो फॉर्म घेऊन शुक्रवारी दोनदा आणि शनिवारी एकदा त्या खिडकीपर्यंत गेले. माझ्यापुढे एक-दोन मुली उरायच्या आणि मी रांगेतून बाहेर पडायचे. उशीर का झाला विचारतील, अलकाला कळेल, तिला कळवायला लागेल, पोस्टकार्ड खोटं ठरेल. एवढ्या सगळ्या गोष्टी एकदम अंगावर यायच्या आणि पाय परत फिरायचे. आज कुणाला हे सांगितलं तर पटत नाही. तीन पावलं पुढे जायचं होतं. मी ती चालू शकले नाही. शनिवारी दुपारी खिडकी बंद झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

खोलीवर येऊन मी स्टोव्ह पेटवला आणि फॉर्म त्यावर धरला. फोटो शेवटी जळला. अलकाचा चेहरा आधी तपकिरी झाला, मग आक्रसला. खोलीत गोडसर, खवखवणारा वास भरला. खाली गिरणी चालू होती.

परीक्षेचे नंबर लागले त्यात अलकाचा नव्हता. प्राचार्यांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. प्राचार्य, सातपुते, अलका, आबा आणि मी. आबा पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी अशा वेशात दाराशीच उभे होते. त्यांनी मला विचारलं, "पोरी, तू दिला हुतास ना?"

"दिला होता," मी म्हणाले. "सातपुते भाऊसाहेबांच्या हातात. माझ्या फॉर्मबरोबर."

सातपुते निवृत्तीला आलेले, बारीक, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेले गृहस्थ. प्राचार्य त्यांना सगळ्यांदेखत बोलले. सातपुत्यांनी आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघत ते म्हणाले, "बाई, तू दिला असशील. मला आठवंना." ते स्वतःवर संशय घेत होते. मला ते स्पष्ट दिसत होतं आणि मी गप्प राहिले. आबा पुढे झाले आणि प्राचार्यांना म्हणाले, "जाऊ द्या साहेब. चुकतं मान्साचं. त्यांच्या पोटावर आनू नका." खोलीतला सगळ्यात मोठ्या मनाचा माणूस तो होता. प्राचार्यांनी पुण्याला विद्यापीठात पत्र लिहिलं. त्याचं उत्तर परीक्षा संपल्यावर आलं, नकाराचं.

त्यानंतर सातपुते फॉर्म घेतला की प्रत्येक मुलीला कागदाच्या कपट्यावर आपल्या हातानं पोच लिहून द्यायला लागले. नाव, वार, सही. कुणी सांगितलं नव्हतं. मलाही एकदा दिली.

अलकाला पुढच्या वर्षी बसता आलं असतं. पण मधल्या काळात दौंडचं स्थळ आलं, रेल्वेतला मुलगा, लग्नानंतर परीक्षा देऊ द्यायचं कबूल केलेलं. ते पुढे कधी झालं नाही. लग्नात सासरी निघताना ती आईच्या गळ्यात पडली, माझ्या गळ्यात पडली. आबांसमोर आली तेव्हा वाकून पाया पडली आणि वर न बघता गाडीत बसली. मला वाटलं, दुःख अनावर झालं असेल. आबा टोपी हातात घेऊन उभे होते.

ती गेल्यावर माझ्या चटईशेजारची फरशी मोकळी झाली. मी कशीबशी पास झाले, त्याबद्दल मला लाजच वाटली. एम.एस्सी.ला दोनऐवजी पाच वर्षं लागली, मग ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. बाहेरून बघणाऱ्याला माझं ठीक चाललं होतं. आतून मी प्रत्येक कागदाला घाबरायचे. मुलांच्या उत्तरपत्रिका घरी न्यायची वेळ आली की पोत्यात हात घालून बघावं तशी पिशवी दहा वेळा चाचपायचे. आणि एखाद्या दुपारी, वर्ग रिकामा असताना, तो गोडसर वास यायचा. मी बर्नर तपासायचे. सगळे बंद असायचे. इतकी वर्षं झाली, अजून येतो. आता मी बर्नर तपासायला उठत नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना माझ्या वर्गात वैष्णवी नावाची मुलगी आली. हुशार, आणि तीन महिने एकही जर्नल पुरी न केलेली. मी तिला बोलावून रागावले, माझ्या मास्तरांच्याच शब्दांत. ती रडली नाही. खाली बघत म्हणाली, "मॅडम, मला करायचं असतं. सुरूच होत नाही." मग दप्तरातून तिनं पुण्याच्या डॉक्टरांचा कागद काढला. त्यावर एडीएचडी, म्हणजे लक्ष धरून ठेवण्यातली अडचण, असं लिहिलेलं होतं. "मी कुणाला दाखवत नाही," ती म्हणाली, "आळशी म्हणून घेतलेलं बरं वाटतं. वेडी म्हणून घेण्यापेक्षा." मी तो कागद घडी घालून तिला परत दिला. त्या दिवसापासून सुट्टीनंतर ती माझ्या टेबलाच्या एका बाजूला बसायला लागली. मी माझे पेपर तपासायचे, ती जर्नल लिहायची. बोलायचो नाही. ती आता पुण्यात शिकते. अडलं की फोन करते, आणि मग आम्ही दोघी फोन चालू ठेवून आपापलं काम करतो.

मी स्वतः त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले ती चोरून. त्यांनी लहानपणचं विचारलं. मी कळशी, दूध, मास्तर, गिरणी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आळशी नव्हतात. तुम्हाला दुसऱ्यांच्या दुप्पट कष्ट पडत होते, आणि ते कुणाला दिसत नव्हते." त्या खुर्चीत मी खूप रडले. त्यांनी गोळी सुरू केली, आणि छपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा एका बैठकीत एक पत्र सुरू करून संपवलं. ते पत्र अलकाला होतं. मी ते टाकलं नाही. खिडकीशी विसरले, त्याला डॉक्टरांकडे नाव होतं. रांगेतून परत फिरले, त्यालाही होतं. प्राचार्यांच्या खोलीत "दिला होता" म्हणाले, त्याला नव्हतं. ते पोस्टानं पाठवायचं नाही, एवढं मला कळत होतं.

दौंडला अलकाचं घर रेल्वे लाइनीजवळ आहे. ती दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मधल्या वर्षांत दिवाळीला एखादा फोन, कुणाच्या लग्नात भेट, एवढंच होतं. मला दारात बघून तिला आनंद झाला. तिनं चहा ठेवला. मी म्हटलं, "चहा नको. आधी ऐक." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पोस्टकार्ड, शनिवार, स्टोव्ह. डॉक्टरांचंही सांगितलं. मधे एक मालगाडी गेली, ती पुरी जाईपर्यंत दोघी थांबलो.

 तिनं गॅस बंद केला.

"तुला काहीतरी आहे, ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "नाव माहीत नव्हतं. मी शेजारी बसायचे ती काय उगंच? विसरलीस, ते मी त्याच दिवशी सोडलं असतं. मला फक्त सांगायचं होतंस."

"व्हय," मी म्हटलं.

"मला वाटलं आबांनी केलं."

मला कळलं नाही.

"सातपुत्यांचा भाऊ आबांच्या सोसायटीत नोकरीला होता. आबांना लग्नाची घाई होती. आणि त्या दिवशी ते कसं म्हणाले, आठवतंय? जाऊ द्या, चुकतं माणसाचं. एवढ्या शांतपणे. पोरीचं वर्ष गेलं आणि बाप शांत. मी तिथंच ठरवलं, यांनीच तो फॉर्म मागं घेतला." ती ओट्याला पाठ टेकून उभी होती. "मी त्यांच्याशी परत धड बोलले नाही, शाले. माहेरी गेले की आईशी बोलायचे. ते अंगणात बसून असायचे. शेवटी आजारी होते तर तीनदा निरोप आला. मी मुलांच्या परीक्षा आहेत म्हणून सांगितलं. पोहोचले तेव्हा त्यांना खाली घेतलेलं होतं."

मी खाली बसले. मी तिचं वर्ष घेतलं, असं इतकी वर्षं मी मोजत होते. मी काय घेतलं ते मला तिच्या स्वयंपाकघरात कळलं.

अलकानं तोंड धुतलं, साडी बदलली, दाराला कुलूप लावलं. "चल," ती म्हणाली. "आईला सांग. तुझ्या तोंडानं."

न्हावऱ्यावरून शिरूर आणि तिथून पुढे, असं आम्ही एसटीनं गेलो. शेजारी शेजारी बसलो. वाडीवर पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अलकाची आई ओसरीवर बसून लसूण सोलत होती. कानानं अगदी अधू झाली होती. मी तिच्याजवळ बसून हळू आवाजात सांगायला लागले. तिनं मान हलवली. "मोठ्यानं बोल, बाय. मला ऐकू येत न्हाई."

मी मोठ्यानं बोलले. तिला पुरेना. आणखी मोठ्यानं. शेवटी मी ओरडून सांगत होते, "फॉर्म मी दिला नाही. मी विसरले. नंतर जाळला. आणि खोटं बोलले. आबांनी काही केलं नाही." समोर कांदा निवडणाऱ्या शेजारणीचे हात थांबले.

म्हातारीनं लसणाची परात बाजूला सारली. "म्हंजी त्यांनी न्हाई केलं."

"न्हाई, आई," अलका म्हणाली.

"मी इचारलं हुतं त्यास्नी. योकदाच. म्हनले, म्या न्हाई. मी बी खरं मानलं न्हाई." ती अंगणाकडे बघत होती. "परत इचारलं न्हाई. त्यांनी बी परत सांगितलं न्हाई."

मी पाया पडायला वाकले, तर तिनं माझा दंड धरला. हाताला लसणाचा चिकटा होता. मला वाटलं, ढकलून देईल. तिनं शेजारणीला हाक मारली. "हिकडं ये गं. हिचं ऐक. तुझ्या सासूनं बी त्यास्नी नावं ठेवली हुती." शेजारीण आली. म्हातारी मला म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. मग तिनं पलीकडच्या जावेला बोलावलं, मग तिच्या सुनेला, मग रस्त्यानं रानातून परतणाऱ्या दोघींना. दर वेळी म्हणायची, "पयल्यापासून सांग." आणि मी पहिल्यापासून सांगायचे, खिडकी, निळा खडा, शनिवार, स्टोव्ह. कुणी माझ्याकडे बघत होत्या, कुणी खाली. अलका खांबाला टेकून प्रत्येक वेळी पुरं ऐकत होती. माझा आवाज बसला. दंडावरचा म्हातारीचा हात सुटला नाही.

शेवटच्या दोघी गेल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. म्हातारीनं हात काढला, पदरानं माझा दंड पुसला आणि आत, भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे बघत म्हणाली, "झालं वं. समद्यास्नी सांगितलं. झोपा आता."